खातेदार मयत, किल्ली बेपत्ता

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष बऱ्याच वर्षांनी पूर्ण उघडले. मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. परभणी जिल्ह्यातही निजामकाळातले कागद फडक्यांत बांधलेल्या गठ्ठ्यांतून बाहेर आले. धूळ झटकली, कसर लागलेली पाने जपून सुटी केली आणि मग खरी अडचण समोर उभी राहिली: हे वाचणार कोण? काही मजकूर मोडीत, काही उर्दूत. ज्यांच्या आज्याची नोंद त्या पानावर होती त्यांना ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नव्हती. मोडी जाणणाऱ्यांना अचानक भाव आला. ज्या लिपीत शे-सव्वाशे वर्षांपूर्वी गावचा पाटील-कुलकर्णी सहज हिशेब लिहीत असे, तिच्यासाठी आता जाणकार शोधत फिरावे लागले.

या कागदांना कुलूप कोणीच घातले नव्हते. निजामाच्या कारकुनाला काही लपवायचे नव्हते. कागद टिकला, शाई टिकली, वाचण्याची किल्ली तेवढी दोन-तीन पिढ्यांत हरवली.

याच्या नेमके उलटे उदाहरणही मराठीतलेच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या वापरल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध सकळ लिपी चौदाव्या शतकात रवळोबासांनी घडवली, असे परंपरा सांगते. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा शतकानुशतके पंथाबाहेरच्या माणसाला बंद राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिप्यांची उकल लोकांपुढे आणली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहासच मागे सरकला. आजच्या संगणकापुढे सकळ लिपी क्षणभरही तग धरणार नाही. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर, इतकीच तिची युक्ती. पण तिच्यामागची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. गुरूकडून शिष्याकडे, महंताकडून पुढच्या महंताकडे किल्ली जात राहिली. कुलूप साधे होते, तरी सहाशे वर्षांनी ते उघडणारा माणूस हयात होता.

एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, क्लाउड स्टोरेजची चर्चा सुरू झाली की हे दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहावेत. कोणती सेवा किती जीबी देते, महिन्याला किती रुपये घेते, कुलूप किती बिटांचे आहे, याचे तक्ते भरपूर मिळतात. खातेदार गेल्यावर किल्ली कोणाकडे जाणार, हा रकाना त्यांत क्वचितच असतो. आणि परभणीसारख्या जिल्ह्यातल्या घरासाठी महाग पडणारी गोष्ट तीच आहे.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर ठेवलेली आपली फाइल, एवढे समजले तरी पुरे. मग प्रश्न उरतो तो कुलपाचा. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायला गेले की कर्मचारी आधी बॅगेला कुलूप आहे का ते पाहतो. बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. कुलूप प्रवाशाचे, किल्ली प्रवाशाच्या खिशात, रेल्वेकडे फक्त जागा. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांची नेहमीची खाती याच्या उलट चालतात. बॅग तिथे पोचल्यावर कंपनी स्वतःचे भक्कम कुलूप लावते आणि किल्लीही स्वतःकडे ठेवते. तिथून कोणी बॅग पळवली तर चोराला काही मिळत नाही, हे खरे. पण कंपनीला हवे तेव्हा बॅग उघडता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकीकत छापली. मुलाच्या आजारासाठी डॉक्टरांना दाखवायला काढलेला फोटो गूगलच्या यंत्रणेला संशयास्पद वाटला आणि त्याचे संपूर्ण खाते बंद झाले. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही.

दुसऱ्या जातीच्या सेवा म्हणजे प्रोटॉन ड्राइव्ह, मेगा, ट्रेसोरिट, सिंक, पीक्लाउडचा क्रिप्टो कप्पा. यांचे म्हणणे असे की फाइल ग्राहकाच्या फोनवरच कुलूपबंद होते आणि किल्ली आमच्याकडे येतच नाही. ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये आधी अमेरिकेत आणि पुढच्या महिन्यात इतर देशांत आयक्लाउडसाठी अशीच सोय दिली. पण ती आपणहून सुरू करावी लागते.

आता दर. गूगल पंधरा जीबी फुकट देते. भारतात १०० जीबीचे वर्षाला १,३०० रुपये आणि दोन टीबीचे ६,५०० रुपये, असा हिशेब गेली काही वर्षे चालत आला आहे. या किमतीत एक गोष्ट डोळ्यांआड होते. फुकटवाल्याचे आणि ६,५०० भरणाऱ्याचे कुलूप एकच आहे. जादा पैसे जागेचे, कुलपाचे नाहीत. ग्राहकाच्या हाती किल्ली देणारी सोय गूगलकडे आहे, पण ती मोठ्या संस्थांच्या महागड्या योजनांत; मानवतच्या कापूस व्यापाऱ्याला ती साध्या गूगल वन योजनेत कितीही पैसे मोजून मिळणार नाही. प्रोटॉनकडे २०० जीबीला वार्षिक योजनेत महिन्याला चार युरोंच्या आसपास पडतात, म्हणजे गूगलच्या तेवढ्याच जागेच्या साधारण दुप्पट. शिवाय यांतल्या बऱ्याच परदेशी सेवांना यूपीआय चालत नाही, कार्ड लागते, त्यावर परकीय चलनाचे शुल्क लागते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप वजावटीचे नवे नियम लागू झाले, तेव्हा कित्येकांचे परदेशी वर्गणीचे हप्ते अडकले होते. हप्ता थकला की खाते गोठते, आणि काही महिन्यांनी आतला माल पुसला जाऊ शकतो. सावकाराच्या तारणासारखेच हे, फक्त इथे दाराशी माणूस येत नाही, ईमेल येतो. तोही प्रमोशनच्या कप्प्यात.

पीक्लाउडची आयुष्यभराची योजना बऱ्याच जणांना मोहात पाडते: एकदाच पैसे भरा, पुन्हा विचारू नका. या कंपनीच्या अटींत ‘आयुष्यभर’ म्हणजे खातेदाराचे आयुष्य किंवा ९९ वर्षे, यांतले जे कमी असेल ते. जमिनीच्या भाडेपट्ट्यासारखा आकडा वाचून हसू येते, पण पहिली अट गंभीर आहे. खातेदार मयत, की करार संपला. आणि कुलूपबंद कप्प्याचे पैसे त्या मूळ किमतीत धरलेले नाहीत, ते वेगळे मोजावे लागतात.

जास्त पैसे मोजले की जास्त सुरक्षा, हा समज मोडून काढण्याचे काम झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी केले. २०२२ मध्ये त्यांनी मेगाची छाननी केली आणि दाखवून दिले की सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याला, वापरकर्त्याने ठरावीक वेळा लॉगिन केल्यानंतर, त्याची खासगी किल्ली काढता येते. मेगाने दुरुस्ती केली. २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या संशोधकांनी सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेसोरिट अशा पाच सेवा तपासल्या. या पाचांचे मिळून दोन कोटींहून अधिक वापरकर्ते. पैकी चौघांत गंभीर दोष निघाले. कुठे सर्व्हरला आपलीच किल्ली गुपचूप ग्राहकाच्या गळ्यात बांधता येत होती, कुठे त्याच्या कपाटात न ठेवलेली फाइल सरकवता येत होती. ट्रेसोरिट त्या मानाने बरी ठरली.

यातला बारकावा असा की मूळ कुलूप, म्हणजे एईएस, कोणी फोडले नाही. २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारलेली ही दोन बेल्जियन गुप्तलेखनतज्ज्ञांची रचना आजही शाबूत आहे. बिघाड झाला तो कुलूप दाराला बसवताना. सागवानी दाराला उत्तम कुलूप लावावे आणि कोयंडा दोन चुकांवर ठोकावा, असा प्रकार. तेव्हा ‘लष्करी दर्जाचे एन्क्रिप्शन’ ही जाहिरात वाचून पैसे देणाऱ्याने कोयंड्याकडे बघितलेले बरे: सेवेचा कोड खुला आहे का, बाहेरच्या कोणी तपासला आहे का, दोष सापडल्यावर कंपनी काय म्हणाली.

कायद्याचा हातही इथवर पोचतो. ब्रिटनने २०१६ च्या कायद्याखाली ॲपलला आदेश बजावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथल्या नव्या ग्राहकांसाठी आयक्लाउडची ती कडेकोट सोय काढूनच टाकली. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार उकल करून मागू शकते. सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने क्लाउड आणि व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचे तपशील पाच वर्षे जपायला सांगितले, तेव्हा प्रोटॉनसह काही व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. हे सगळे खरे असले तरी जिंतूरच्या शिक्षिकेला किंवा पूर्णेच्या रेल्वे कर्मचाऱ्याला सरकारपासून लपवायचे फारसे काही नसते. त्यांची भीती वेगळी आहे आणि जवळची आहे.

ती समजून घ्यायला सेतू केंद्राच्या रांगेत पाहावे. पीकविमा, शिष्यवृत्ती, जातपडताळणी, अनुदानाचे ई-केवायसी; कुठलेही काम काढा, ‘आधार, पॅन, पासबुक व्हॉट्सॲपवर टाका’ हे वाक्य ऐकू येते. फोटो केंद्रचालकाच्या फोनवर जातो, तिथून संगणकाच्या डाउनलोड फोल्डरात, तिथून कदाचित त्याच्या गूगल खात्यात. काम झाल्यावर तो पुसला जातो का, हे कोणी विचारत नाही. रांग मोठी असते. लोक ‘आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात चोरी-लबाडी असते. पण ज्या कागदावर बँकेतून पैसे निघतात, कर्ज निघते, सिमकार्ड निघते, तो कागद लपवण्यासारखाच आहे. पाहुणे आले म्हणून कोणी तिजोरी उघडी टाकत नाही.

व्हॉट्सॲपचे संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतात, हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. अँड्रॉइड फोनवर बॅकअप चालू असेल तर तो गूगल ड्राइव्हवर जातो, हे कमी जणांना माहीत. त्या बॅकअपलाही स्वतःचे कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. न केल्यास बॅकअपला व्हॉट्सॲपचे कुलूप नसते. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा हा बॅकअप गूगलच्या पंधरा जीबीतच मोजला जाऊ लागला. म्हणजे सुप्रभातच्या फुलांनी जागा भरते आणि लोक १०० जीबी विकत घेतात. क्लाउडवर पहिला रुपया अनेक घरांतून असा गेलेला आहे.

वाटणीपत्र, खरेदीखत, मृत्युपत्राची प्रत, दवाखान्याची फाइल, मुलांच्या गुणपत्रिका, आधार-पॅनच्या प्रती, दोन-चार पासवर्ड. एका घरात खरोखर जपण्यासारखे असते ते इतकेच. सगळे स्कॅन केले तरी एक जीबी भरणार नाही. सातबारा त्यात धरायचेही कारण नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून आहे आणि तो पंधरा रुपयांत केव्हाही उतरवता येतो. सरकारनेच दिलेल्या दाखल्यांसाठी २०१५ पासून डिजिलॉकर आहे, फुकट आहे आणि त्यातली प्रत कायद्याने मूळ मानली जाते. डिजिलॉकरच्या लॉगिनमध्येही मोठी फट सापडल्याचे जून २०२० मध्ये उघड झाले; ती बुजवली गेली. तिथली किल्ली सरकारी व्यवस्थेकडे असते, हे धरून चालावे. ज्याने दाखला दिला त्याच्यापासून दाखला लपवण्यात तसाही अर्थ नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचे गणित निराळे. हंगामात शेकडो जीबी जमतात. दोन टीबीची जागा पाच वर्षे घेतली तर ३२,५०० रुपये होतात. तेवढ्यात दोन-तीन हार्ड डिस्क येऊन वर चहापाणी होईल. त्याने एक डिस्क दुकानात, दुसरी घरी ठेवावी आणि निवडक माल बॅकब्लेझसारख्या ठिकाणी टाकावा, जिथे दर टीबीला महिन्याला सहा डॉलर पडतात आणि वापराल तेवढेच मोजावे लागतात. नवरा-नवरीने ते फोटो दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर टाकलेलेच असतात. त्यांना कडेकोट कुलूप कशाला? सगळेच कुलूपबंद करायची हौस महागात पडते, आणि कुलपे जितकी जास्त तितक्या किल्ल्या हरवतात.

उरला तो घरच्या कागदांचा एक जीबी. त्याला क्लोकरूमवाला नियम लावावा: कुलूप आपले, जागा कोणाचीही. क्रिप्टोमेटर नावाचे जर्मन सॉफ्टवेअर नेमके हेच करते. कोड खुला, संगणकावर फुकट, फोनवरच्या ॲपला एकदाच थोडे पैसे. ते फाइल आणि फाइलचे नाव दोन्ही आधी कुलूपबंद करते आणि मग तो अगम्य गठ्ठा गूगलच्या फुकट पंधरा जीबीत ठेवू देते. गूगलला दिसते ती निव्वळ सकळ लिपी. उद्या गूगल नको वाटले तर तोच गठ्ठा उचलून दुसरीकडे नेता येतो. वर्षाचा खर्च शून्य रुपये. महिन्याला चार युरो देऊन मिळते त्याहून ही सुरक्षा कमी नाही. सर्व्हरवर विश्वास कमीत कमी टाकलेला असल्याने काही बाबतींत ती बरीच म्हणावी. गैरसोय मात्र आहे. फोनवर फोटो झटकन दाखवायचा तर दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागतात, आणि सकाळी अकरा वाजता तहसीलच्या खिडकीशी उभ्या माणसाला त्या दोन पायऱ्याही जाचतात. प्रोटॉनसारख्या सेवा पैसे घेतात ते मुख्यतः या पायऱ्या वाचवण्याचे. ज्याला परवडते त्याने द्यावेत.

एकाच जागी सगळे ठेवण्याचा धोका मात्र कुठलेही कुलूप टाळू शकत नाही. वुआला ही स्वित्झर्लंडची नावाजलेली कुलूपबंद सेवा २०१५ मध्ये काही महिन्यांची मुदत देऊन बंद झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या डेजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या क्लाउडमधला ८५८ टीबी मजकूर गेला. दुसरी प्रत नव्हती. त्याच महिन्यात इकडे गोदावरीच्या पुराने मराठवाड्यातली घरे धुऊन नेली. परभणीने आदल्या वर्षी, १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला, अतिवृष्टीचा तडाखा सोसलेलाच होता. भिंतीतल्या कोनाड्यात, ट्रंकेत, गादीखाली ठेवलेले कागद पंचनाम्याच्या वेळी लगद्यासारखे हाती आले. पुरासाठी क्लाउड हवा आणि क्लाउडसाठी डिस्क हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी शेजारच्या जालना आणि बीड जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले, तेव्हा आपलाच कागद आपल्याला उतरवून घेता येत नव्हता.

आता किल्ली. खरी कुलूपबंद सेवा पासवर्ड विसरलेल्या माणसाला मदत करू शकत नाही. तिच्याकडे किल्लीच नाही, हीच तर तिची जाहिरात. म्हणून ती सुरुवातीलाच एक आणीबाणीची किल्ली हातावर ठेवते: प्रोटॉन बारा शब्द देते, ॲपल अठ्ठावीस अक्षरे, व्हॉट्सॲप हवे असल्यास चौसष्ट अंकी किल्ली. लोक त्याचा स्क्रीनशॉट काढतात. तो स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये राहतो, ज्याच्या हरवण्यासाठी ही सगळी तयारी असते. कपाटाची किल्ली कपाटात. ती कागदावर, बॉलपेनने, स्वच्छ अक्षरात उतरवावी लागते; एटीएमच्या पावतीसारख्या कागदावर छापली तर दोन उन्हाळ्यांत अक्षरे उडतात. एक प्रत घरच्या कपाटात आणि एक पुण्याला असलेल्या मुलीकडे ठेवली, तर पूर आणि चोरी दोन्हींची सोय होते. त्यावर खात्याचे नाव लिहिले नाही म्हणजे झाले.

हे काम घरात बहुधा एकच जण करतो. थोरला मुलगा, फोनचे सगळे त्यालाच कळते. खाते त्याच्या नावाचे, ओटीपी त्याच्या नंबरवर. तो गेला, तर आईला स्वतःच्या दवाखान्याची फाइलही उघडता येत नाही. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली खाती पुसली जाऊ शकतात. मोडीतले गठ्ठे तहसिलीत सत्तर-ऐंशी वर्षे धूळ खात पडून राहिले, म्हणून तर सापडले. क्लाउडमधल्या गठ्ठ्याला धूळ खायची मुभा दोनच वर्षे.

जमिनीच्या बाबतीत ही अडचण सरकारच्या ध्यानात आली. मयत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर तशीच राहतात, वारसांना कर्ज मिळत नाही, अनुदान मिळत नाही, म्हणून एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. तलाठ्याने गावात चावडीवाचन करायचे, मयतांची यादी काढायची, वारसांची नोंद घ्यायची. फोनमधल्या खात्यासाठी चावडी नाही. तिथे खातेदारानेच जिवंतपणी वारस लावावा लागतो. गूगलच्या निष्क्रिय खात्याच्या सेटिंगमध्ये दहा जणांपर्यंत नावे देता येतात, आणि किती महिन्यांच्या शांततेनंतर त्यांना कळवायचे तेही ठरवता येते. पण आतला गठ्ठा क्रिप्टोमेटरने बंद केलेला असेल, तर वारसाच्या हाती येते ती बंद बॅग. तिचा पासवर्ड कागदावर वेगळा मिळाला तरच उपयोग. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये आणलेल्या सोयीत वारसाला एक लांबलचक किल्ली मिळते, ती छापून ठेवता येते, आणि खातेदाराच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत ती दाखवावी लागते. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा तो दाखला आणि कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा तो छापील चौकोनी कोड, दोन्ही मग एकाच प्लास्टिकच्या पिशवीत जातात. ट्रंकेत, आज्याच्या जमिनीच्या खासरा पत्रकाच्या नकलेखाली.